घर वेगळं ठेवावं

माझे बाबा सतरा वर्षं एका तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवत होते आणि मुलं त्यांना मागून वाटणीसर म्हणायची. नाव ठेवायला कारण होतं. मशीनवर लिनक्स कसं बसवायचं हे शिकवताना बाकीचे मास्तर पहिल्याच पडद्यावर 'संपूर्ण डिस्क वापरा' हे बटण दाबून चहाला मोकळे व्हायचे. बाबा त्या बटणाला कुणाला हात लावू देत नसत. खडू घेऊन फळ्यावर एक लांबट चौकोन काढायचे, ही डिस्क, आणि पुढचे दोन तास त्या चौकोनाच्या वाटण्या चालायच्या. एवढी जागा सिस्टीमला, एवढी घराला. सिस्टीम म्हणजे मशीन चालवणारा सगळा पसारा. घर म्हणजे माणसाचं स्वतःचं, त्याची पत्रं, फोटो, कामाच्या फायली. त्या जागेला होम हे नाव लिनक्सवाल्यांनीच दिलेलं, बाबांनी फक्त मराठी केलं. "सिस्टीम आज ना उद्या बिघडणारच," ते म्हणायचे. "बिघडली की पुसा, नवी बसवा. घर वेगळं ठेवलं असेल तर कुणाचं काही जात नाही."

मला हे बाराव्या वर्षापासून पाढ्यासारखं पाठ आहे. पुढे ह्याच विद्येवर माझं पोट भरलं. मी एका मोठ्या कंपनीत तीनशे मशीन सांभाळतो आणि तीनशेच्या तीनशे मशीनवर बाबांची मांडणी आहे: आधी सिस्टीम, मग घर. हाताखालच्या पोरांना मी एक गोष्ट बजावून ठेवली आहे, की कुठलाही भाग पुसण्याआधी तो उघडून बघायचा. कितीही खात्री असली तरी बघायचा. ह्यावरून मी एकाला सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं, की तो दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

आमच्या स्वतःच्या घरात मात्र 'घर वेगळं' हे शब्द उच्चारायची सोय नव्हती, आणि ती माझ्यामुळे. सात वर्षांपूर्वी मी आणि बायको वेगळे झालो, म्हणजे आई-बाबांपासून. दोन खोल्या, चार माणसं, बायकोची रात्रपाळी, आईची पहाटे पाचची भांडी. घरोघरी मातीच्या चुली. भांडण असं मोठं झालंच नाही. मी दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि सामान बांधलं. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "घर वेगळं करतोयस, कर." त्या 'कर'मध्ये तिने सगळं बसवलं होतं. मीही तिचाच मुलगा, मी काही बोललो नाही. त्यानंतर येणं-जाणं राहिलं, पण पाहुण्यासारखं.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. कायमचा. ऑपरेशनला मी गेलो, सहा दिवस राहिलो, परत आलो. नंतरच्या दोन वर्षांत मी एकदा गेलो. हे सांगायला जीभ रेटत नाही, पण आकडा खरा आहे.

आई जन्मभर कचेरीत टायपिस्ट होती. साहेबाच्या तोंडून शब्द पडायच्या आत तिच्या कागदावर असायचा. पाटीवर खडूने लिहिणं तिला जमेना, तिला त्याचा वेग पुरायचा नाही. तेव्हा बाबांनी एक जुनं मशीन घेतलं, त्यात नवी डिस्क टाकली, लिनक्स बसवलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवलं. तेव्हापासून आई टाइप करायची आणि बाबा तोंडाने उत्तर द्यायचे. बाबा फोनवर सांगायचे, "पूर्वी मला निदान मध्ये बोलायला फट मिळायची, आता तीही गेली." रागावली की ती अक्षरं मोठी करायची. एकदा बाबा औषध आणायला विसरले तेव्हा एकेक अक्षर पेल्याएवढं झालं होतं.

रविवारी मी फोन करायचो. बाबा फोन स्पीकरवर टाकायचे. पलीकडून कळफलकाचा सपाटा ऐकू यायचा आणि मग बाबा वाचून दाखवायचे, "आई विचारतेय, जेवलास का. आई म्हणतेय, खोकला येतोय का तुला." मी हो, नाही म्हणायचो आणि ठेवायचो. 'कधी येतोस' असं तिने मला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, बाईने राग धरलाय. धरू दे, म्हणायचो मी.

ऑपरेशनला सव्वादोन वर्षं झाली आणि आई गेली. त्यालाही आता पाच महिने होऊन गेले.

मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. अपडेट चालू असताना वीज गेली होती आणि तेव्हापासून मशीन सुरू होत नव्हतं. काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि तिथेच थांबायचं. त्यांनी स्वतः हात घालून पाहिला असता, पण डोळे बरेच अधू झाले होते. "तुझ्या आईचं सगळं बोलणं त्यात आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासूनचं. सिस्टीमचं काय वाट्टेल ते कर, पण तेवढं सांभाळ."

"त्याची कॉपी कुठे आहे?" मी विचारलं.

"कॉपी नाही. ती करू द्यायची नाही. म्हणायची, बोललेलं कुणी साठवून ठेवतं का. रोजच्या रोज पुसून टाक म्हणायची. एवढी एक फाइल ठेवू दिली तेच खूप. ती गेल्यावर कॉपी करायला बसलो होतो एकदा, पण तिने नाही म्हटलेलं, मग हात उचलेना."

"बरं. येतो मी," मी म्हणालो.

आणि गेलो. आई असताना दोन वर्षांत एकदा गेलो होतो आणि मशीन बिघडलं म्हणून चार दिवसांत पोहोचलो. ह्यावर कुणी काही बोललं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. बाबा बोलले नाहीत. त्यांची त्याच सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ होती. दवाखान्याने बरोबर कुणालातरी आणायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मला ते म्हणाले, "तू मशीन बघ, मी जाऊन येतो." मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. संध्याकाळची परतीची गाडी होती, आणि त्या टेबलाशी बाबांबरोबर बसून काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं. ते यायच्या आत काम उरकावं असा माझा बेत होता.

मशीन तिथेच होतं. कळफलकावरची बरीच अक्षरं पुसून गेली होती. बिघाड दुरुस्त करण्यासारखा होता, तास-दीड तास लागला असता. त्यापेक्षा नवी सिस्टीम बसवायला वीस मिनिटं लागतात. मी पेन ड्राइव्ह लावला आणि मांडणीच्या पडद्यावर आलो. 'संपूर्ण डिस्क वापरा' हे बटण वर होतं. मी अर्थातच ते सोडलं आणि स्वतः मांडणी करण्याचा पर्याय घेतला. यादी आली. मशीन सुरू करायला लागतो तो छोटा भाग, मग सिस्टीमचा साठ जीबीचा, मग उरलेली सगळी जागा. त्या शेवटच्या भागावर नावाची चिठ्ठी होती, बाबांनी मराठीत टाकलेली: घर.

मला हसू आलं. कौतुकाने आलं. आपल्या बापाची मांडणी अशी कुठेही ओळखू येते ह्याचा अभिमानही वाटला. साठ जीबीच्या भागापुढे मी 'फॉरमॅट करा'ची खूण केली. घरापुढे केली नाही. शेजारच्या रकान्यात वापरलेली जागा दिसत होती आणि घरात जवळजवळ काहीच वापरलेलं नव्हतं. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही. मनाशी म्हटलं, आईचं बोलणं म्हणजे नुसता मजकूर, त्याला कितीशी जागा लागणार.

उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. तीनशे मशीनवर मी ते अर्धं मिनिट घालवतो. पण ह्या डिस्कवर वाटणीसरांचा हात फिरला होता. त्यावर शंका घ्यायची म्हणजे दोन दुणे चार आहेत का हे बोटं मोजून बघण्यासारखं वाटलं. मी पुढे जा म्हटलं.

काम चालू असताना मी चहा केला. साखरेचा डबा शोधावा लागला, आपल्याच घरात.

मशीन सुरू झालं. बाबा आईला चिडवायला बाईसाहेब म्हणायचे आणि मशीनवरचं तिचं खातंही त्याच नावाचं होतं. मी तेच नाव दिलं होतं, म्हणजे तिचं घर आपोआप तिला मिळेल. आत गेलो तर समोर निळा कोरा पडदा, नव्या मशीनवर असतो तो. फायलींचं कपाट उघडलं, रिकामं. घराच्या भागात शिरून पाहिलं. तिथे आताच तयार झालेला बाईसाहेबांचा कोरा फोल्डर आणि लॉस्ट अँड फाउंड नावाचा तो एक फोल्डर, जो मशीन प्रत्येक नव्या भागात स्वतःच टाकतं. त्याच्यापलीकडे काही नाही. त्या भागात कधी कुणी राहिलंच नव्हतं.

मी लगेच मशीन बंद केलं, पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरू केलं आणि पुसलेलं परत काढायची जी साधनं मला माहीत होती ती एकेक करून लावली. उत्तर मला आधीच माहीत होतं. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेलं बरंच मागे उरायचं, खरवडून काढता यायचं. ह्या नव्या जातीच्या डिस्कवर फॉरमॅट करतानाच कप्पे रिकामे करायचा हुकूम जातो. मी शून्यं वाचत बसलो. ओळीच्या ओळी शून्यं. तास गेला. एका वाक्याचा तुकडाही निघाला नाही.

एकच्या सुमारास दार वाजलं. बाबा भिंतीला हात लावत आत आले. डोळ्यांत थेंब टाकले होते, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, वरून काळा चष्मा. "तीन-चार तास नीट दिसणार नाही म्हणालेत," ते म्हणाले आणि खुर्ची चाचपत माझ्याशेजारी बसले. "झालं सुरू?"

"सुरू झालंय," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

त्यांचा चेहरा खुलला. "मला वाटलंच. मी रोज सकाळी एक पान वाचतो तिचं. पहिल्यापासून लावलं होतं. आठ दिवस खंड पडला." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आज तूच वाच. मला अक्षर दिसायचं नाही. जिथवर वाचलं तिथे बदामाची खूण करून ठेवलीय बघ, तिथून."

मी कळफलकावर हात ठेवून नुसता बसलो.

"सापडत नाही का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी सिस्टीमचा भाग पुसला. घराला हात लावला नाही."

मी पुन्हा म्हणालो, "घराला मी हात लावला नाही, बाबा. पण घर रिकामं होतं."

त्यांनी काळा चष्मा काढला. त्या मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. "उघडून नाही बघितलंस?" त्यांनी विचारलं. मास्तरकीच्या सुरात नाही. ज्याला अजून आशा आहे अशा माणसाच्या सुरात विचारलं. मी नाही म्हणालो.

"निघेल काही? खरवडून?"

"नाही."

"नवी डिस्क आहे," ते म्हणाले. त्यांना सगळं कळत होतं. त्यांच्यापासून मला काही लपवता येण्यासारखं नव्हतं, आणि समजावून सांगायलाही काही उरलं नव्हतं.

मी विचारलं, "पण तुम्ही घर वेगळं ठेवलं नव्हतं? तुम्ही?"

बाबा म्हणाले, "ठेवलं होतं. ऑपरेशनला महिना झाला होता. ती इथेच बसली होती, तू बसलायस तिथे, आणि मी मांडणी करत होतो. सवयीने मोठ्याने बोललो, ही सिस्टीम, आणि हे घर, ते वेगळं ठेवतो. झालं. मशीन सुरू झालं, मी म्हटलं, श्रीगणेशा कर, टाइप कर काहीतरी. तिने पहिलं वाक्य काय टाइप केलं माहितीय?"

मला ऐकायचं नव्हतं.

"ह्या घरात आता आणखी काही वेगळं करायचं नाही." बाबांनी ते वाक्य तिच्यासारखं एका दमात म्हटलं. "मी समजावलं, अगं, हे कॉम्प्युटरचं घर, ह्यात वेगळं ठेवणं फायद्याचंच असतं. ऐकेना. अक्षरं मोठी करायला लागली. मग मी तिचं खातं उचलून सिस्टीमबरोबर एकत्र आणलं. दहा मिनिटांचं काम. तो भाग आणि त्याची चिठ्ठी पुसायची राहून गेली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलं हसली असती, वाटणीसरांनी एकत्र कुटुंब मांडलं म्हणून."

त्यांना स्वतःला थोडं हसू आलं आणि मग ते तोंडावर हात ठेवून रडले. बाबांना रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, झटकला असता तर बरं झालं असतं. मीच तिच्यापासून वेगळा झालो, म्हणून तिने तिचं बोलणं वेगळं ठेवू दिलं नाही, आणि म्हणून ते मला पुसता आलं. हा हिशोब मला कुणी करून दाखवायची गरज नव्हती.

संध्याकाळची गाडी मी सोडून दिली. मी बायकोला फोन करून आज येत नाही एवढंच सांगितलं.

चारच्या सुमारास बाबा म्हणाले, "नवी फाइल उघड."

"कशाला?"

"आठवतंय तेवढं सांगतो. तू लिही. अर्धंअधिक दोनदा वाचलंय मी. विसरायच्या आत लिहून घे."

मी फाइल उघडली. बाबा डोळे मिटून बसले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. मी थांबलो. "औषध आणतो, आत्ता आणतो, त्यात एवढं काय," ते म्हणाले. मी लिहिलं. "पुढे?" "खिडकी लावू का, असं म्हणालो. मग म्हणालो, नको तर नको." मी लिहिलं. "डॉक्टर म्हणाले ना बरं होईल, मग तू कशाला त्यांच्यावर चिडतेस." लिहिलं. "अगं, दोन घास खा. मी केलंय म्हणून तरी खा."

मग ते थांबले. डोळे उघडले. थेंबांचा असर उतरत आला होता.

"हे सगळं मीच बोललेलं आहे," ते म्हणाले.

ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

"ती टाइप करायची, मी वाचायचो आणि तोंडाने उत्तर द्यायचो. माझं आठवतंय. तिचं..." त्यांनी टेबलावर बोटं आपटली, टाइप करावं तशी. "तिचं तिथे होतं म्हणून मी डोक्यात ठेवलंच नाही. कशाला ठेवू? बघावं तेव्हा समोर होतं."

"जे आठवतंय ते सांगा," मी म्हणालो. "मी प्रत्येकाच्या वर एक ओळ रिकामी ठेवतो. आईचं आठवलं की भरू."

ते त्यांना पटलं. मास्तर माणूस, काहीतरी मांडणी असली की त्यांना धीर येतो. मी मागे जाऊन लिहिलेल्या प्रत्येक वाक्याच्या वर एकेक ओळ मोकळी केली. बाबा सांगत गेले. 'वीज येईल इतक्यात.' 'दुखतंय का फार? कुठे, इथे?' 'नाही, मला नाही वाटत तुझा आवाज ऐकावासा, तू उगाच मनाला लावून घेतेस.' हे सांगताना ते अडखळले. पण लिही म्हणाले.

"येईल गं. कामात असेल," बाबा म्हणाले.

मी वर एक ओळ सोडली आणि ते लिहिलं. ह्या वाक्याच्या वर काय होतं हे बाबांना आठवेना. मला विचारायची गरज नव्हती. दर रविवारी माझा फोन ठेवून झाल्यावर स्वयंपाकघराच्या ह्या टेबलाशी काय टाइप होत होतं, ते मला आज पहिल्यांदा कळत होतं. तिने राग धरला नव्हता. फक्त मला विचारायचं नाही, बाबांना विचारायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"पुढे?" मी विचारलं.

"चादर बदलतो, ऊठ जरा." लिहिलं. "आज बाहेर ऊन चांगलं आहे." लिहिलं. "येईल गं. कामात असेल."

"हे झालं, बाबा. मघाशी लिहिलं."

"माहितीय," ते म्हणाले. "पुन्हा लिही. ते पुष्कळदा आहे."

मी एक ओळ रिकामी सोडली आणि खाली पुन्हा लिहिलं, येईल गं, कामात असेल.